मंगळवारचं अथेन्स

लोक विचारतात, तुम्ही कार्डिफमध्ये काय करत होतात? मी सांगते, शिकवत होते. काय शिकवत होतात? ग्रीक तत्त्वज्ञान. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, "आणि डॉक्टरसाहेब कुठल्या डिपार्टमेंटला होते?" आमचे हे भूल देणारे डॉक्टर. माणसांना झोपवायचं काम त्यांचं, जागं ठेवायचं माझं, आणि मान मात्र कायम त्यांना. तेव्हा जळायची सवय मला आधीपासूनच होती, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी माझा धंदा काय ते सांगते. तिथे दिवसा जिथे मुलांची शाळा भरते, त्याच इमारतीत संध्याकाळी मोठ्यांचे वर्ग भरतात. परीक्षा नाही, पदवी नाही, हौस म्हणून यायचं. एका खोलीत स्पॅनिश, शेजारी कुंभारकाम, हॉलमध्ये साल्सा आणि कॉरिडॉरच्या टोकाला, रेडिएटर बिघडलेल्या खोलीत आम्ही, दर मंगळवारी. सप्टेंबरात पुरेशी माणसं नाव घालायला आली तर वर्ग चालतो. नाही आली तर ऑफिसातली बाई गोड हसून सांगते, या वर्षी राहू दे. दर सप्टेंबरात साल्साच्या टेबलापुढची रांग बघून माझ्या पोटात दुखायचं. त्या बाईला शिकवायचं काय, तर कंबर हलवायला.

माझ्याकडे यायचे ते लोक वेगळेच. एक गृहस्थ जाहिरातीत 'ग्रीक' एवढंच वाचून आले होते, त्यांना उन्हाळ्यात क्रीटला जाऊन मासे मागवता यायला हवे होते. पहिल्या दिवशी चूक लक्षात आली, तरी पैसे भरलेत म्हणून वर्षभर बसले आणि पुढे न्यायाबद्दल इतकं भांडायला लागले की बायकोने मला फोन केला. ग्लेनिस होती, वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झालेली, सख्ख्या बहिणीला माफ करावं की नाही हे ठरवायला आलेली. आणि एमरिस. शहरातली बस चालवण्यात आयुष्य घालवलेला, विधुर, सर्वांच्या आधी येऊन खुर्च्या मांडणारा. माझं आडनाव कुरुंदवाडकर. ते त्याच्या जिभेला झेपेना, म्हणून त्याने मला 'मिसेस के' केलं आणि मग सगळ्या इमारतीत मी मिसेस केच झाले.

या वर्गाची खरी जान म्हणजे वर्षाच्या शेवटी होणारा खटला. अथेन्समध्ये ज्या म्हाताऱ्याला प्रश्न विचारत हिंडल्याबद्दल विषाचा पेला प्यायला लावला, तो तुम्हाला माहीत आहे. आमच्या वर्गात त्याला नुसतं 'म्हातारा' म्हणत. त्याच्यावरचा खटला मी अथेन्सच्या पद्धतीने पुन्हा चालवायची. तिथे वकील नाही, न्यायाधीशही नाही. साधी माणसं ज्यूरीत बसतात. आधी आरोप करणारा बोलतो, मग आरोपी, दोघांना पाणी सारखं. पाणी म्हणजे वेळ. आपल्या लग्नातलं घटिकापात्र पाण्यात बुडतं, यांच्या भांड्यातून पाणी गळून जातं. मी मातीच्या दोन कुंड्या घेतल्या होत्या, वरचीच्या बुडाला बारीक भोक. वरची रिकामी झाली की गप्प बसायचं.

मतदानाची पद्धत तर इतकी सुरेख आहे की मला अजून सांगताना बरं वाटतं. प्रत्येकाला दोन चकत्या, मधोमध भोवऱ्यासारखा आस असलेल्या. एकीच्या आसाला आरपार भोक, ती आरोप करणाऱ्याची. दुसरीचा आस भरीव, ती आरोपीची. मडकी दोन, जे मत मोजायचं ते खऱ्या मडक्यात, उरलेली चकती टाकाऊ मडक्यात. आसाची टोकं अंगठा आणि बोटाने दाबून धरायची, म्हणजे कुठली चकती खऱ्या मडक्यात पडली ते शेजाऱ्यालाही कळत नाही. तिकडे त्या काशाच्या असायच्या. मी कणकेत ढीगभर मीठ घालून, विणायच्या सुईने भोकं पाडून, ओव्हनमध्ये कडक भाजून केल्या होत्या. एका वर्षी ह्यांनी चहाबरोबर एक खाल्ली आणि तक्रार केली की शंकरपाळ्यांना चव नाही.

आणि यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, तो नीट ऐका. आरोपी दोषी ठरला तर शिक्षा कोण ठरवतो? आरोप करणारा एक शिक्षा सुचवतो, आरोपी स्वतःसाठी दुसरी सुचवतो आणि ज्यूरीला या दोन्हींतली एकच उचलावी लागते. मधलं काही काढता येत नाही. त्यामुळे दोघांनाही शहाण्यासारखं मागावं लागतं. म्हाताऱ्याने शिक्षा म्हणून नगराच्या खर्चाने जेवण मागितलं, ज्यूरी चिडली, मग त्याने थोडा दंड कबूल केला तरी व्हायचं ते झालं. मी दरवर्षी फळ्यापुढे उभी राहून सांगायची, बघा, ज्याने जास्त मागितलं त्याने ज्यूरीला दुसऱ्याच्या हातात नेऊन दिलं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतसुद्धा म्हणेन.

केतकी आली ती दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, जेव्हा पुण्याहून दर महिन्याला एक नवं सॉफ्टवेअर जोडपं उतरत होतं. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणात कोणीतरी ओळख करून दिली. तत्त्वज्ञानात एम.ए., नवरा दिवसभर ऑफिसात, हिला घरात करमत नव्हतं. खरं सांगते, मला भरून आलं. एवढ्या वर्षांत न्यायावर मराठीत बोलायला कोणी मिळालं नव्हतं. घरी बोलावलं, थालीपीठ केलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुंड्या, चकत्या, सगळं मांडून दाखवलं. तिने चकतीच्या भोकातून खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "काकू, काय भारी आहे हो हे!" काकू. मी तेव्हा पन्नाशीची होते आणि मंडळात सगळे मला ताई म्हणत. ते कुठेतरी खुपलं, पण सोडून दिलं.

पुढच्या सप्टेंबरात नदीपलीकडच्या लायब्ररीत गुरुवारचा एक वर्ग निघाला, 'सगळ्यांसाठी तत्त्वज्ञान'. केतकीने फोन करून सांगितलं, अहो काकू, तुमच्यामुळेच हिंमत झाली. मी म्हटलं, छान. ठेवला फोन आणि कांदा चिरायला घेतला. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, कांदा आहे.

ती सडपातळ, हसरी आणि वर्षभरात तिथली वेल्श भाषा बोलायला लागलेली. मी इतकी वर्षं राहून 'नोस दा' म्हणजे शुभ रात्री, याच्या पुढे गेले नव्हते. ही पोस्टमनशी वेल्शमध्ये हवापाण्याच्या गप्पा मारायची. मंडळात ह्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं, मुलगी हुशार आहे. मी म्हटलं, हो ना. त्या रात्री आमटीत मीठ जास्त पडलं. माझ्या मंगळवारातून एकेक माणूस गळायला लागला. क्रीटवाले गृहस्थ म्हणाले, गुरुवार सोयीचा पडतो. खोटं. गुरुवारी त्यांचा ब्रिजचा, म्हणजे पत्त्यांचा डाव असायचा. ऑफिसातल्या बाईने ख्रिसमसआधीच सुचवून ठेवलं की अशीच गळती राहिली तर पुढच्या सप्टेंबरात मंगळवार धरू नका. मंगळवार गेला तर माझ्याकडे काय उरणार होतं? डॉक्टरांची बायको, एवढंच.

मार्चमध्ये ग्लेनिस बोलून गेली की गुरुवारवाल्यांचा खटला काय रंगणार आहे म्हणे. कसला खटला? तर म्हाताऱ्याचा. पाण्याच्या कुंड्या आहेत, चकत्या आहेत. पुढच्या गुरुवारी मी लायब्ररीत जाऊन पुस्तकांच्या कपाटाआड उभी राहिले. बसायला खुर्ची नव्हती इतकी गर्दी. चकत्या गुळगुळीत लाकडाच्या, माझ्या कणकेच्यांपेक्षा दहापट देखण्या. केतकी चादर नेसून म्हातारा झाली होती आणि फार सुंदर बोलली. तेच तर. वाईट बोलली असती तर मी हसत घरी गेले असते. आणि कुंडीत पाणी ओतायला कोण? एमरिस. माझा एमरिस, जो ते माझ्याकडे शिकला. शेवटी एक बाई तिला म्हणाली की काय कल्पक आहेस गं, हे सगळं तुला सुचलं कसं? केतकी हसली. नुसती हसली.

त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या मंगळवारी मी वर्गात शिकवायचं सोडून तेच बोलत बसले. चोर म्हटलं तिला. एमरिसने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "मिसेस के, बाजारात बोलू नका, कोर्टात आणा, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मग आणा ना." मला वाटलं तो चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. त्याने केतकीला विचारलंसुद्धा, आणि ती लगेच हो म्हणाली. माझ्याच खोलीत, मंगळवारी, दोन्ही वर्गांची मिळून ज्यूरी. मी हरले तर पुन्हा या विषयावर ब्र काढायचा नाही. जिंकले तर ज्यूरी जी शिक्षा उचलेल ती तिला मान्य.

आयुष्यभर मी खटला शिकवला होता, उभी कधी राहिले नव्हते. साडी नेसून गेले, काठापदराची. ह्यांनी विचारलं, लग्न आहे का कुणाचं? खोली गच्च भरलेली, एरवी थंड असते ती त्या दिवशी माणसांनी तापली होती. एमरिसने कुंडी भरली, बोळा काढला आणि मी बोलले. चांगली बोलले, इथे उगाच लाजत नाही. पद्धत अथेन्सची आहे, माझ्या बापाची नाही, हे मीच आधी सांगून टाकलं. म्हटलं, चकत्या तिने घेतल्या याचं दुःख नाही. तिला विचारलं गेलं, हे तुला सुचलं कसं, आणि ती हसली. तिच्याकडे उत्तर होतं. माझं नाव होतं. तेवढं एक नाव घ्यायला किती पाणी लागलं असतं?

केतकी उभी राहिली. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर वेल्शमध्ये दोन वाक्यं टाकून खिशात घालेल सगळ्यांना. तसलं काही नाही. ती म्हणाली की ती बाई मला शाबासकी देत होती, या देशात आल्यापासून कोणी दिलेली पहिली, आणि मला ती पूर्ण हवी होती, अर्धी नको होती. एवढं बोलून बसली. कुंडीत अर्ध्याहून जास्त पाणी होतं. ते गळून जाईपर्यंत आम्ही सगळे गप्प बसून ऐकत राहिलो, कारण नियम नियम असतो.

चकत्या पडल्या. अथेन्समध्ये ज्यूरीला आपसात चर्चा करायची परवानगी नसते, सरळ उठून मत टाकायचं. एमरिसने मडकं टेबलावर पालथं केलं. भोकाच्या चकत्या सहज जास्त होत्या. दोषी. मला इतका आनंद झाला की पदर सावरायच्या निमित्ताने मी तोंड फिरवलं. इमारतीत त्या दिवशी साल्साचं संगीत चालू होतं आणि मला ते पहिल्यांदा आवडलं.

आता शिक्षा. आधी मी सांगायची. मनात तयार होतं ते साधं होतं, तिने आपल्या वर्गापुढे माझं नाव घ्यावं आणि पुन्हा खटला करू नये. एवढंच मागायला उभी राहिले. पण समोर ती चकत्यांची रास होती, क्रीटवाले गृहस्थ माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि तोंडातून निघालं ते असं: "गुरुवारचा वर्ग बंद. या शहरात तिने पुन्हा तत्त्वज्ञान शिकवायचं नाही." खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. बोलताना मला ठाऊक होतं मी काय करतेय. फळ्यापुढची मी आतून ओरडत होते, बाई, जास्त मागतेस. पण जीभ थांबली नाही, आणि एकदा सांगितलेली शिक्षा मागे घेता येत नाही, हाही माझाच नियम.

केतकीने माझ्याकडे बघितलं आणि मराठीत, फक्त मला कळेल असं म्हणाली, "काकू, तुम्हीच शिकवलंत हो." मग सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. गुरुवार चालू राहील, पण तिथे खटला होणार नाही. लाकडाच्या चकत्या मिसेस केंच्या. येत्या गुरुवारी मी सगळ्यांसमोर सांगेन की हे कुणाकडून शिकले. आणि पुढचं वर्षभर दर मंगळवारी मी या वर्गात विद्यार्थी म्हणून बसेन, मिसेस के सांगतील त्या बाकावर.

काय झालं ते सांगायला नको. दुसऱ्या फेरीत मडकं पालथं केलं तेव्हा भोकाच्या चकत्या शोधाव्या लागल्या. एक ग्लेनिसची असावी, असा मला संशय आहे. बहिणीला तिने शेवटपर्यंत माफ केलं नाही.

तर मी जिंकले, आणि माझी शिक्षा सुरू झाली. दर मंगळवारी केतकी पहिल्या बाकावर. मी शेवटचा दिला होता, पण एमरिसने खुर्च्या मांडताना तिला पुढे आणलं. चहाच्या वेळी घरचा मसाला आणायची आणि लोक म्हणायचे मंगळवारी चहा आता प्यावासा वाटतो. तिच्या मागोमाग गुरुवारवाले यायला लागले. सप्टेंबरात माझ्या टेबलापुढे साल्साएवढी नाही, पण रांग लागली. ऑफिसातली बाई म्हणाली, मिसेस के, काय जादू केलीत? मी हसले. नुसती हसले. आणि हसता हसता लक्षात आलं की हे हसू मी कुठे बघितलंय. तरीसुद्धा तिचं नाव मी त्या बाईला सांगितलं नाही.

त्या वर्षीच्या शेवटच्या तासाला विषय होता खटल्याचाच, पण दुसऱ्या प्रकारचा. म्हाताऱ्याच्या मते कोर्टात साक्षीदार मोजतात, जास्त ज्याचे तो जिंकतो. खरं-खोटं तपासायचं तर एकच साक्षीदार पुरतो, तो म्हणजे ज्याच्याशी वाद चाललाय तो स्वतः. त्याला मनातून पटलं तरच निकाल लागला, नाहीतर हजार चकत्या पडल्या तरी लागला नाही. मी हे सांगून फळा पुसत होते. केतकीने हात वर केला. विचारलं, तिच्या खटल्याच्या दिवशी मला मत असतं तर मी कुठली चकती टाकली असती? मी म्हटलं, अथेन्समध्ये आरोप करणाऱ्याला मत नसतं. वर्ग हसला. ती हसली नाही. म्हणाली, "मी अथेन्सचं नाही विचारलं, काकू." घंटा झाली, लोक कोट शोधायला लागले आणि मी कुंड्या आवरायला घेतल्या.

मी रिटायर झाले तेव्हा मंगळवार कुणाला द्यावा, असं ऑफिसने विचारलं. एडिनबराहून एक पीएच.डी. झालेला मुलगा अर्ज करून बसला होता, त्यालाही मी भेटले. सुरेख बोलत होता आणि कुणाचंच ऐकत नव्हता. मी केतकीचं नाव दिलं. सही करताना हात जड झाला, ते मी लपवत नाही. कणकेच्या चकत्यांचा डबा तिला दिला, लाकडाच्याही परत दिल्या. कुंड्या दिल्या नाहीत. ती म्हणाली, काकू, पाणी कसं मोजू मग? म्हटलं, नव्या आण. त्या आता इकडे आमच्या मागच्या अंगणात आहेत, वरचीत पुदिना लावलाय, बुडाला भोक आहे त्यामुळे फार छान येतो. एमरिस वारला तेव्हा चर्चमध्ये वेल्शमधले दोन शब्द तीच बोलली, आणि मी मागच्या रांगेत बसून त्यावरही जळले.

हा दिवाळी अंक कार्डिफला तिच्या घरी जातो, वर्गणी मीच भरली होती. तेव्हा उत्तर इथेच देते. केतकी, पहिल्या फेरीत मी भोकाचीच चकती टाकली असती, आजही टाकेन. दुसऱ्या फेरीत तुझी.